मेंदूची नोंद आणि न्यायाची कसोटी

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला खुनाच्या खटल्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावली. प्रसादातून आर्सेनिक देऊन पूर्वीच्या वाग्दत्त वराचा जीव घेतल्याचा आरोप तिच्यावर होता. या निकालाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एका वेगळ्याच कारणाने. इतर पुराव्यांबरोबर आरोपीच्या मेंदूतील विद्युतसंकेतांच्या चाचणीचा अहवालही न्यायालयाने ग्राह्य धरला होता. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून तिला जामीन मंजूर केला. मात्र या खटल्याने उभा केलेला प्रश्न मागे उरलाच. मेंदूचे आणि शरीराचे संकेत मोजून माणसाच्या मनातले कळते का?

मेंदूतील पेशींच्या व्यवहारातून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या या लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला साधारण दहा आंदोलने होणारी लय दिसते आणि डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात हिशेब सुरू करताच ती मंदावते, हे त्यांच्या लक्षात आले. अवधान मोजता येऊ शकते, याची ही पहिली खूण होती.

पुढचा टप्पा १९६५ मध्ये आला. अनपेक्षित किंवा अर्थपूर्ण गोष्ट समोर आली, की साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर मेंदूच्या आलेखात एक ठळक उंचवटा उमटतो, असे सॅम्युएल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्याला ‘पी ३००’ म्हणतात. स्वारगेटच्या गर्दीतील कोलाहलात अचानक आपले नाव ऐकू आले, की आपण चमकून वळून पाहतो. तसलाच हा प्रकार. हा उंचवटा काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतका लहान असतो. म्हणून तोच प्रसंग पुनःपुन्हा घडवून नोंदींची सरासरी काढावी लागते.

शरीराचे संकेत याहून जुने आणि परिचित आहेत. लक्ष वेधले गेले किंवा मनावर ताण आला, की हृदयाची गती व श्वास बदलतात, बोटांवर सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते. ‘लाय डिटेक्टर’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र हेच मोजते. खोटे मोजणारे यंत्र असे काही नसतेच. निर्दोष माणूस भीतीने घामाघूम होऊ शकतो आणि निर्ढावलेला गुन्हेगार शांत राहू शकतो.

पुण्याच्या खटल्यात वापरलेली चाचणी बंगळूरच्या ‘निम्हान्स’मधील माजी प्राध्यापक चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केली होती. डोक्यावर विद्युतग्रांची टोपी घालून आरोपीला नुसते ऐकायला सांगतात. ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची प्रथमपुरुषी वाक्ये तटस्थ वाक्यांमध्ये मिसळून ऐकवली जातात. प्रत्यक्ष अनुभवलेली गोष्ट आणि केवळ ऐकून माहीत असलेली गोष्ट यांतील फरक संगणकप्रणाली ओळखते, असा या पद्धतीचा दावा आहे.

वादाचे मूळ नेमके येथेच आहे. मेंदूने एखाद्या वाक्याची दखल घेतली, एवढे नोंदीवरून सांगता येईल. ती दखल का घेतली, हे नोंद सांगत नाही. अनेक दिवस चौकशीला तोंड दिलेल्या आरोपीने ‘आर्सेनिक’ हा शब्द कितीदा ऐकला असेल! स्मृतीही छायाचित्रासारखी स्थिर नसते; ऐकलेल्या व कल्पिलेल्या गोष्टी तिच्यात मिसळतात. ‘निम्हान्स’च्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही २००८ मध्ये या चाचण्यांच्या शास्त्रीय आधाराबद्दल प्रतिकूल मत दिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निर्णय दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीविना करता येणार नाहीत. तसे करणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडण्यापासून संरक्षण देणाऱ्या घटनेच्या कलम २० (३) चा भंग ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही; त्या माहितीच्या आधारे पुढे सापडलेली वस्तू वा माहिती मात्र पुरावा म्हणून स्वीकारता येते.

याचा अर्थ हे शास्त्र कुचकामी आहे, असा नव्हे. बोलू न शकणाऱ्या तान्ह्या बाळाला ऐकू येते का, हे पाहण्यासाठी रुग्णालयांत केली जाणारी ‘बेरा’ चाचणी अशाच विद्युतसंकेतांवर आधारलेली आहे आणि ती उपयुक्त ठरली आहे. तेथे यंत्राला विचारलेला प्रश्न साधा असतो : आवाजाचा संकेत मेंदूपर्यंत पोहोचला का? अपराध कोणी केला, हा प्रश्न त्या जातीचा नाही. त्याचे उत्तर साक्षी-पुराव्यांतूनच शोधावे लागते आणि ते देण्याची जबाबदारी यंत्रावर सोपवता येत नाही.