हृदयाचे ठोके आणि धावपटूचा सराव

निरोगी माणसाचे हृदय घड्याळाप्रमाणे नियमित चालते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. नाडीचे ठोके मिनिटास साठ पडत असले, तरी प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये नेमके एका सेकंदाचे अंतर नसते. एखादे अंतर ०.९५ सेकंदाचे असते, तर लगतचे १.०५ सेकंदाचे. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना संथ होतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हा संबंध नोंदविला होता. या बदलत्या अंतरास हृदयगतीची परिवर्तनशीलता असे म्हणतात. लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू व जलतरणपटू यांच्या सरावाचे नियोजन करताना आज तिचा उपयोग होऊ लागला आहे.

हृदयाच्या उजव्या अलिंदातील एका लहानशा पेशीपुंजातून ठोक्याची प्रेरणा निघते. तिच्यावर स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन शाखांचे नियंत्रण असते. बैलगाडीच्या भाषेत सांगावयाचे तर अनुकंपी शाखा ही पराणी आणि परानुकंपी शाखा हा कासरा होय. कासऱ्याचा परिणाम जवळजवळ तत्काळ होतो, म्हणून एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत पडणारा फरक मुख्यतः त्याच्यामुळे असतो. कठोर श्रमानंतर, तापात, अपुऱ्या झोपेत, मद्यपानानंतर किंवा मनावर ताण असता पराणीचा जोर वाढतो, कासरा सैल पडतो आणि परिवर्तनशीलता घटते.

शरीराची क्षमता केवळ श्रमाने वाढत नाही. श्रमानंतरच्या विश्रांतीत ती वाढते. विश्रांती पुरी होण्यापूर्वीच पुन्हा कठोर सराव केल्यास प्रगती खुंटते, आणि हा क्रम लांबल्यास खेळाडूचे महिनोन्‌महिने वाया जातात. विश्रांती पुरी झाली की नाही हे ओळखावयाचे कसे, हाच खरा प्रश्न आहे. फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनी २००७ मध्ये यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २६ निरोगी पुरुष सहभागी होते. एका गटाने ठरीव वेळापत्रकानुसार चार आठवडे धावण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाचा सराव रोज सकाळच्या मोजणीवरून ठरे. परिवर्तनशीलता घटलेली दिसली की त्या दिवशी हलका सराव किंवा विश्रांती. प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेत लक्षणीय वाढ दुसऱ्याच गटात आढळली. अर्थात, इतक्या थोड्या व्यक्तींवरून आणि चार आठवड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

मोजणीची रीत अवघड नाही. सकाळी उठल्यावर, रोज एकाच स्थितीत, शांतपणे श्वास घेत काही मिनिटे नोंद घ्यावयाची असते. छातीवरील पट्ट्याची नोंद मनगटी यंत्रापेक्षा सामान्यतः अधिक विश्वसनीय असते. लागोपाठच्या अंतरांमधील फरकांचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ काढतात; हे काम यंत्रच करते. मिळालेला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहणे मात्र व्यर्थ आहे. वय व प्रकृती यांनुसार तो फार बदलतो. खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच नेहमीच्या पातळीशी करावी, आणि तीही एका दिवसाच्या आकड्यावरून नव्हे, तर सुमारे सात दिवसांच्या सरासरीवरून. मोठा आकडा नेहमीच शुभ असतो असेही नाही. ठोके अनियमित पडत असल्यास तो फसवा येतो. ठोके चुकल्याची जाणीव, भोवळ किंवा छातीत दुखणे असल्यास यंत्राकडे न पाहता डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या गावोगावच्या तरुणांजवळ अशी यंत्रे बहुधा नसतात. बोटांनी नाडी पाहून ठोक्यांमधील सूक्ष्म फरक मोजता येत नाही, परंतु ठोक्यांची संख्या मोजता येते. जाग येताच, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजून ती वहीत लिहावी. नेहमीपेक्षा वाढलेली संख्या काही दिवस टिकून राहिली, त्याबरोबर झोप उडाली, भूक मंदावली आणि धावण्याचा कंटाळा येऊ लागला, तर क्रीडाशिक्षकांनी त्या मुलाचा सराव हलका करावा आणि ताप आहे का तेही पाहावे.