साइट बंद, सवय चालू

फेसबुक, यूट्यूब आणि क्रिकेटचा स्कोअर दाखवणाऱ्या साइट बंद करून टाकल्या की प्रश्न मिटला, असं बऱ्याच कंपन्यांना वाटतं. पण कर्मचारी खिशातून मोबाईल काढतो, स्वतःचा डेटा चालू करतो, झालं. समजा, मोबाईलही दाराशीच जमा करून घेतला तर? तरी मोह उरतोच. बुचोल, हाउझर आणि पिओवेसान या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अशा मोहावर एक प्रयोग केला होता. एका गटाला सांगितलं, दहा मिनिटं विनोदी व्हिडिओ चालेल, बाकीचे बघतील, तुम्ही बघायचा नाही. त्यानंतर दिलेल्या कामात या गटाची कामगिरी मोह आवरावा न लागलेल्यांपेक्षा खालावली. शेजारी भजी तळत असताना एकादशीचा उपास धरलेल्याला ताळेबंद तपासायला बसवावं, तसंच हे.

अर्थात या एका प्रयोगावर फार भार टाकू नये. मनोनिग्रह वापरला की तो तात्पुरता संपतो, हा सिद्धांत २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पण म्हणून बंदीने सवय मोडते, असंही सिद्ध होत नाही.

मुळात बंदी कोणासाठी, हेच स्पष्ट नसतं. जेवणानंतर पाच मिनिटं बातम्या चाळणारा, रेल्वेचं तिकीट काढणारा, पुतणीच्या बारशाचे फोटो बघणारा कर्मचारी आजारी नसतो. सिंगापूरच्या संशोधक व्हिव्हियन लिम दोन दशकांहून अधिक काळ ऑफिसातल्या या टंगळमंगळीचा अभ्यास करत आहेत. त्यांच्या एका अभ्यासात तर थोड्या भटकंतीनंतर लोकांचं मन ताजंतवानं झालेलं दिसलं. आवरता न येणारा वापर ही वेगळी गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली त्यासाठी १४ प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही का? नेट नसलं की चिडचिड होते का? झोप कमी पडते का? मन उदास झालं की आपोआप तिकडेच हात जातो का? अशा धाटणीचे ते प्रश्न आहेत. तुम्ही कोणती साइट बघता, यापेक्षा ताबा कोणाकडे आहे, याचा शोध ते घेतात.

ताबा जातो कसा, याचं उत्तर इंटरनेट येण्याआधीपासून मिळत गेलं आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ काढला. ठराविक टोचांनंतर दाणा मिळाला, तर पक्षी दाणा खाऊन जरा विसावतो. कधी तीन टोचांनी, कधी तीसनी, असा अनिश्चित दाणा मिळू लागला की तो फारसा विसावत नाही. पुढे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. बक्षीस म्हणून अपेक्षित फळांचा रस मिळाला की त्या पेशी फारशा हलत नाहीत, अनपेक्षित मिळाला की उसळतात. २००३ सालच्या प्रयोगात असं दिसलं की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघतानाची त्यांची हालचाल सर्वांत जास्त असते. म्हणजे चटक लावण्यात बक्षिसाइतकाच अनिश्चिततेचाही हात असतो.

आता ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठवा. सकाळी चार ‘गुड मॉर्निंग’, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्यावर अठरा ‘ओके सर’ आणि त्या गर्दीत कुठेतरी साहेबांचा एक खरोखरच तातडीचा निरोप. तो कधी येईल, याचा नेम नाही. अनिश्चित दाण्याचं यंत्र याहून चांगलं बांधता येणार नाही, आणि ते बांधलं आहे कंपनीनेच. एकीकडे एचआर इंटरनेट वापराचं धोरण मेल करतं. दुसरीकडे निळी टिक येऊन दहा मिनिटं झाली तरी उत्तर का नाही, असं मॅनेजर विचारतो. माझ्या मते अडचण इथे आहे. नेटवरचा ताबा सुटलेला माणूस अनेकदा कामचुकार म्हणून ओळखलाच जात नाही. रात्री साडेअकराला दोन मिनिटांत उत्तर देणारा म्हणून त्याचं कौतुक होत असतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी २०१२ साली १३ कर्मचाऱ्यांचं ईमेल पाच दिवस बंद ठेवलं आणि छातीला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावलं. ईमेल असताना ही माणसं तासाला सरासरी ३७ वेळा एका विंडोतून दुसरीत जात. ईमेल गेल्यावर हा आकडा १८ वर आला, आणि ठोक्यांवरून ताणही उतरलेला दिसला. नमुना अगदी लहान होता, हे खरं. पण २०१५ साली कुश्लेव्ह आणि डन या संशोधकांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं, तेव्हाही ताण कमी भरला. त्यातल्या बहुतेकांना तीनवर थांबणं मात्र जड गेलं. व्यवस्थापनाने या दुसऱ्या निष्कर्षाकडे जास्त लक्ष द्यावं. तीनदाच बघण्याची मुभा एकट्याला देऊन भागत नाही. ‘तातडीचं असेल तर फोन करा, बाकीचं दुपारी तीनला बघू’ हे सगळ्या टीमने मान्य करावं लागतं, आणि ते आधी साहेबांनी पाळावं लागतं.

याऐवजी सोपा वाटतो तो पहारा. रुमेनियातल्या एका कंपनीने २००७ साली एका इंजिनिअरचे याहू मेसेंजरवरचे खासगी संवाद टिपले. भाऊ आणि वाग्दत्त वधूशी केलेल्या गप्पांसकट ४५ पानांचा दस्तऐवज त्याच्यापुढे ठेवला आणि त्याला काढून टाकलं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१७ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. नजर ठेवायचीच, तर किती आणि कशी ते आधी सांगायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं. तोवर दहा वर्षं गेली होती.

पहाऱ्याऐवजी वेळेची मर्यादा घालणारेही आहेत. फोक्सवागन या मोटार कंपनीने २०११ साली जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने मेल पाठवणंच थांबवलं. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण खासगी विधेयकाचा कायदा होणं दुर्मिळच. शिवाय अशा नियमांची पोच संध्याकाळनंतरच्या वेळेपुरती असते, दिवसाचे आठ तास तसेच राहतात.

ज्याचा ताबा खरोखर सुटला आहे, त्याला मात्र नियमांपलीकडची मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत गेमिंगचा विकार आला, पण इंटरनेटच्या सरसकट व्यसनाची वेगळी नोंद नाही. त्यामुळे रजेच्या अर्जावर काय लिहायचं, इथपासून पंचाईत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. दारू पूर्ण सोडता येते, इंटरनेट सोडता येत नाही, कारण पगारच त्याच्यावर आहे. म्हणून उपचारात कोणतं अॅप, कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत उघडलं जातं ते टिपत जातात. मागे नैराश्य किंवा निद्रानाश लपला असेल, तर त्यावरही इलाज करावा लागतो. अशा कर्मचाऱ्याला ऑफिसने मेमो देण्याऐवजी आठवड्याला दोन-तीन तासांची सवड द्यावी आणि तेवढ्या वेळात ग्रुपवर त्याला टॅग करू नये.