पेंड गोठ्यात कोणती, शेतात कोणती?

तेल काढून घेतल्यावर उरणारी पेंड हा दुभत्या जनावरांच्या खुराकातील प्रथिनांचा मोठा आधार होय. टरफल काढलेल्या भुईमुगाच्या पेंडीत शेकडा ४५ च्या सुमारास प्रथिने असतात. टरफलासह गाळलेल्या सरकीच्या पेंडीत त्याच्या जवळजवळ निम्मी. परंतु केवळ या आकड्यांवरून पेंड निवडणे धोक्याचे आहे. काही वनस्पती आपल्या बियांत विषारी द्रव्ये साठवितात, आणि ती घाण्यात तेलाबरोबर निघून जातातच असे नाही.

एरंडीचेच पाहावे. तिच्यातील रायसीन हे विष पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून शुद्ध एरंडेल औषध म्हणून पोटात घेता येते. विष मात्र पेंडीत राहते. अशी पेंड खाल्लेल्या जनावरास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी रक्ती हगवण लागते व ते दगावते. घरी उकळून ती निर्धोक झाली असे मानू नये. तिची जागा शेतात आहे. तिच्यात शेकडा चार-पाच भाग नत्र असते. बहुधा अपघात होतो तो खताची पोती गोठ्यात वैरणीशेजारी ठेवल्याने. सांडलेली पेंड कुत्रीही खातात, हे ध्यानात ठेवावे.

सरकीची गोष्ट निराळी आहे. सरकी चिरली असता गरात बारीक काळसर ठिपके दिसतात; त्यांत गॉसिपॉल असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात वैरण आंबत असता त्याचा बराचसा भाग प्रथिनांशी बांधला जाऊन निरुपद्रवी होतो. लहान वासरांचे ते पोट पुरते तयार झालेले नसते, म्हणून त्यांस सरकी देऊ नये. पैदाशीच्या वळूसही ती बेताचीच द्यावी. कोंबड्यांना सरकी दिल्यास साठविलेल्या अंड्यांतील बलक हिरवट होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या कोंबडीच्या जातीस दिला जातो!

जवस कोमट पाण्यात भिजत ठेवण्याची चाल सोडावी. तशा आंबोणात हायड्रोसायनिक आम्ल हे घातक विष सुटते. जवस थेट उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटे चांगला उकळू द्यावा.

भुईमुगाच्या पेंडीतील धोका बियांचा नव्हे, बुरशीचा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष उघडकीस आले. ते उकळल्याने नाहीसे होत नाही आणि गाईने खाल्ल्यास दुधात उतरते. तेव्हा बुरसलेली पेंड पुन्हा उन्हात घालून जनावरांपुढे टाकण्याची काटकसर करू नये. ग्रामसेवकांनी शेंगा काढणीच्या वेळीच शेतकऱ्यांस सांगावे की, शेंगा हलविल्यावर दाणे खुळखुळेपर्यंत त्या वाळवाव्यात आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.