किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!

चुलीवर तवा तापलाय, पहिली भाकरी थापून झाली आहे, आणि आतल्या खोलीतून हाक येते, "ताई, परत अडकलं हो!"

आमच्या सोलापूरच्या घरातली ही सोमवारची सकाळ. माझी धाकटी जाऊ पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. लॅपटॉप सुरू, वायफाय उत्तम, मुलांचे व्हिडिओ धडाधड चालतात. पण कंपनीचं पान काही उघडत नाही!

त्या दिवशी ती अगदी रडकुंडीला आली. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. साहेब म्हणतील, हिला घरून जमत नाही." दोन तासांनी कळलं, रात्री कंपनीनेच आपल्याकडची एक सेटिंग बदलली होती. हिचा दोष तिळभरही नव्हता!

मैत्रिणींनो, असं का होतं? घरचा लॅपटॉप आपल्या इंटरनेटवरून 'व्हीपीएन' नावाच्या बंदिस्त वाटेने कंपनीत शिरतो. त्यामुळे घरचं इंटरनेट चालू असूनही कंपनीचं दार बंद असू शकतं. आणि किल्ली असते 'अ‍ॅडमिन'कडे. पूर्वी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला असे ना, तसंच! साखर संपलेली सुनेला दिसे, पण कोठी उघडता येत नसे.

चुका मोठ्यांच्याही होतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले! संगणकापुढे बसलेल्या माणसांनी काहीच केलं नव्हतं.

तेव्हा आधी स्वतःला बोल लावू नका. एवढं करून बघा:

० लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. काम चाललं, तर अडचण घरच्या वायफायची. नाही चाललं, तर बहुधा लॅपटॉपची किंवा कंपनीकडची.

० लॅपटॉपवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, ते पाहा. चुकीच्या घड्याळानेही दार उघडत नाही.

० चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देऊ नका, खातं बंद होतं.

० पडद्यावरच्या सूचनेचा फोटो काढा, वेळ लिहा आणि कंपनीच्या मदत विभागाला कळवा. सहकारी मैत्रिणीलाही विचारा, "तुझं चालतंय का?"

० आणि कितीही वैताग आला, तरी "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याला फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका. घाबरलेल्या माणसालाच चोर गाठतो. फोन ठेवा आणि आपल्याकडच्या नंबरवर स्वतः फोन करा.

परवा पुन्हा दार अडलं. जाऊबाईंनी फोटो काढला, वेळ टिपली, निरोप पाठवला आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या. "ताई, चहा टाकते. किल्ली त्यांच्याकडे आहे, उघडतील ते!"