चांदीपुरा : उंदराच्या पिलाने दाखवलेला धोका

उंदीर म्हटला की आपल्याला आठवतो तो कणगी कुरतडणारा चोर. पण प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर मात्र आपल्या उपयोगाचा. कसा, ते नागपूरच्याच उदाहरणावरून पाहू.

१९६५ साली आपल्या भागात तापाची साथ होती. चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राला नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. अमेरिकेत गाई-घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू आहे. चांदीपुरा हा त्याचाच भाऊबंद.

हा विषाणू टोचला की उंदराची दूधपिती पिले दगावतात. मोठ्या उंदराच्या अंगात टोचला तर तो सहसा तगतो, थेट मेंदूत टोचला तरच मरतो. माणसातही तसेच दिसले. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. त्या वर्षी महाराष्ट्रातही साथ होती. २००७ साली ती नागपूर विभागात आली, २०२४ साली गुजरातेत. बळी लहान मुलांचाच.

आता जनावरांचे बघा. जनावराला विषाणू शिवून गेला की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. ती तपासण्याची जुनी रीत सोपी आहे. जनावराच्या रक्तातली निवळ विषाणूत मिसळून उंदराच्या पिलांना टोचायची. पिले जगली, तर त्या रक्तात प्रतिद्रव्ये आहेत असे समजायचे. आज हे काम बरेचसे काचेच्या नळीत वाढवलेल्या पेशींवर होते. अशा तपासण्यांतून डुकरे, म्हशी, गाई, शेळ्या, मेंढ्या यांच्या रक्तात चांदीपुऱ्याची प्रतिद्रव्ये आढळली आहेत. म्हणजे विषाणू आपल्या गोठ्यापर्यंत येऊन गेलेला आहे.

म्हणून जनावरे विकायला काढू नका. रोग पसरवते ती वाळूमाशी. डासापेक्षा लहान, करड्या रंगाची, केसाळ. ही फार दूर उडत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगा, ओलसर गोठा, शेणाचे ढीग ही तिची घरे. चावते संध्याकाळी व रात्री, आणि पावसाळ्यात तिचा जोर वाढतो.

तेव्हा एवढे करा. पावसाळ्यापूर्वी घराच्या व गोठ्याच्या भेगा बुजवून भिंती सारवून घ्या. उकिरडा घरापासून लांब न्या. मुलांना गोठ्याजवळ झोपवू नका, अंगभर कपडे घाला, बारीक जाळीची मच्छरदाणी वापरा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आरोग्य केंद्राला सांगून फवारणी वेळेत करून घ्यावी, आणि घरोघरी गोठ्यातही होऊ द्यावी.

मुलाला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा बेशुद्धी आली तर अंगारे-धुपारे करत बसू नका. या रोगावर लस नाही, खास औषधही नाही. एक-दोन दिवसांत सगळा खेळ आटोपतो. गाडी जुंपायची की जीप बोलवायची याचा विचार करत रात्र घालवू नका. मिळेल त्या वाहनाने तडक दवाखाना गाठा.