ध्वनिमुद्रण आणि अनुमती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयातील बैठकींना नेमाने जात. त्यांच्यामागून मीही जाऊ लागलो. म्हणून आज साहित्य बाजूला ठेवून त्या बैठकींच्या ध्वनिमुद्रणांविषयी बोलतो.

गाणे टिकविण्याची धडपड बडोद्याला नवी नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली आणि स्वरलेखनाची पद्धतीही सिद्ध केली. परंतु स्वरलिपीत चीज उतरते, आवाजाचा लगाव उतरत नाही. पुढे ७८ फेऱ्यांची तबकडी आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. बडोदा दरबारचे फैयाज खाँसाहेब तबकड्यांतून भेटतात, पण त्यांच्या विलंबित ख्यालाचा विस्तार तेवढ्यात कसा मावावा? अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे तर शिष्यांच्या गळ्यातूनच आपल्यापर्यंत आले. तेव्हा ध्वनिमुद्रण हवेच. विद्यार्थ्यालाही स्वतःचे गाणे परत ऐकण्यासारखा दुसरा परीक्षक नाही.

मात्र जपून ठेवणे वेगळे आणि वाटणे वेगळे. हा भेद मी चुकून शिकलो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे गायन मी टेपरेकॉर्डरवर घेतले आणि कौतुकापोटी कॅसेटच्या प्रती मित्रांना दिल्या. अंतऱ्यात ती एकदा अडखळली होती. पुढे कोणीतरी तेवढाच भाग चारचौघांत वाजवून दाखविला. ती मला एवढेच म्हणाली, “सर, आधी विचारायचं होतं.”

कायद्याचेही म्हणणे फारसे वेगळे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताचे अधिकार प्रथमच मान्य झाले. २०१२च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट झाले. हा अधिकार ५० वर्षे टिकतो. केवळ अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणास कायदा मुभा देतो. पण ते लोकांपुढे खुले करायचे तर कलावंताची संमती लागते. कलावंत कोण, याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर गारुडी आहे आणि व्याख्याताही आहे. म्हणजे या क्षणी मीही!

आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल क्षणात गाणे जगभर पोहोचवितो. कॅसेट परत मागता येत असे. हे परत येत नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. गाण्यापूर्वी गायकाला आणि साथीदारांनाही लेखी विचारावे. खुले करण्याआधी त्यांना ते ऐकू द्यावे आणि नकार आल्यास तो निमूटपणे मानावा. राग, ताल, दिनांक आणि प्रत्येक साथीदाराचे नाव तिथल्या तिथे नोंदवावे.

ती कॅसेट मी नुकतीच संगणकावर उतरवून घेतली. या वेळी आधी तिला विचारले. अडखळण्यासकट ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यास तिने आनंदाने होकार दिला. शिकणाऱ्या मुलांना धीर येईल, असे म्हणाली. तबल्यावर कोण होते, हे मी कोठेच लिहिले नव्हते आणि विसरूनही गेलो होतो. तिला मात्र आठवत होते. ते नाव आता वेष्टनावर लिहिले आहे. त्यांच्या घरच्यांची संमती मिळाली की ध्वनिमुद्रण ग्रंथालयाच्या स्वाधीन करीन.