मांजर : नीतिकथेतील आणि घरातील

मुलांसाठी लिहिलेल्या मांजराच्या गोष्टी आणि मांजराची आवड असलेल्या प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तके ही दोन स्वतंत्र दालने आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. पहिले दालन करमणुकीचे व बोधाचे, दुसरे हौसेचे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, असे मानले जाते. हा समज कितपत खरा आहे याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. या वाङ्मयातील खरी सीमारेषा वाचकाच्या वयाची नसून लेखकाच्या दृष्टीची आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. मांजर हे एखाद्या मानवी वृत्तीचे चिन्ह म्हणून पाहणे ही एक दृष्टी; मांजर हे मांजर म्हणून पाहणे ही दुसरी.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृत ‘मार्जार’ शब्द ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणे या धातूशी जोडला जातो. सतत अंग चाटून साफ करणारा प्राणी, असे निरीक्षण त्यामागे दिसते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘मार्जार’ शब्दास ‘मंजर’ व ‘वंजर’ असे पर्याय सांगितले आहेत. त्यांपैकी पहिल्याशी मराठी ‘मांजर’चे नाते उघड आहे. मराठीने या प्राण्याला तीन लिंगे दिली, हेही ध्यानात घेतले पाहिजे : ते मांजर, तो बोका, ती मांजरी किंवा भाटी. ज्या प्राण्याशी भाषेचा रोजचा व्यवहार असतो, त्याच्या वाट्याला अशी शब्दसंपत्ती येते.

शब्दामागील हे निरीक्षण ग्रंथांत मात्र फारसे टिकले नाही. शाश्वत विरोध असणाऱ्यांचा द्वंद्वसमास एकवचनी होतो, या पाणिनीच्या नियमाला काशिकावृत्तीने ‘मार्जारमूषकम्’ हे उदाहरण दिले. अशा रीतीने मांजराचे वैर व्याकरणात स्थिर झाले, तर त्याचा दंभ धर्मशास्त्रात. मनुस्मृतीत धर्माचे ढोंग करणाऱ्यास ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. मामल्लपुरम येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात हात वर करून तप करणारे मांजर व त्याच्याजवळ जमलेले उंदीर कोरलेले आहेत. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी आपला घराचा तंटा तपस्वी मांजरापुढे नेतात. ऐकू येत नाही या सबबीवर मांजर त्यांना जवळ बोलावते आणि दोघांनाही खाऊन टाकते. या मांजराचे नाव पाठभेदाने कोठे दधिकर्ण, तर कोठे तीक्ष्णदंष्ट्र असे आढळते. नाव बदलले तरी काम बदलत नाही. कारण येथे मांजर हे केवळ निमित्त असून विषय अविश्वासार्ह न्यायाधीश हा आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रगल्भ कथा महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या विवेचनात येते. लोमश नावाचे मांजर व्याधाच्या जाळ्यात सापडते. त्याच वेळी पलित नावाच्या उंदराला मुंगूस आणि घुबड या दोन शत्रूंनी घेरलेले असते. उंदीर मांजराच्या आश्रयास जातो आणि मोबदल्यात जाळे कुरतडण्याचे वचन देतो. परंतु व्याध अगदी जवळ येईपर्यंत शेवटचा पाश तो तोडत नाही. कारण आधी सुटलेले मांजर त्यालाच खाईल. संकट टळल्यावर मांजर मैत्री पुढे चालवू पाहते, तेव्हा उंदीर ती नम्रपणे नाकारतो. ही कथा शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला सांगतात. तिचा श्रोता बालक नाही, राज्यकर्ता आहे.

हितोपदेशातील एक कथाही येथे विचारात घेण्यासारखी आहे. दुर्दांत नावाच्या सिंहाची आयाळ एक उंदीर रोज कुरतडतो, म्हणून सिंह दधिकर्ण नावाचे मांजर आणून त्याला खाऊपिऊ घालतो. मांजराच्या भयाने उंदीर बिळाबाहेर पडत नाही, तोवर मांजराचा मान टिकतो. एके दिवशी मांजर उंदराला मारते आणि त्यानंतर सिंहाला मांजराची आठवणही राहत नाही. धन्याला आपली गरज उरणार नाही असे सेवकाने करू नये, हा तिचा बोध. बोध राजसेवकासाठी आहे खरा. परंतु मांजर आणि माणूस यांच्यातील मूळ व्यवहार या कथेइतका स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

मग या प्रौढांच्या कथा मुलांच्या कशा झाल्या? त्याचे एक महत्त्वाचे कारण मुद्रण व शाळा हे होय. वैजनाथशास्त्री कानफाडे यांचे मराठी पंचतंत्र १८१५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या शाळांना वाचनपुस्तके हवी होती, आणि लहान, बोधपर, संवादयुक्त अशी नीतिकथा त्या कामास सोयीची ठरली. राजपुत्रांचा पाठ विद्यार्थ्यांचा पाठ झाला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी ही गोष्टही याच मार्गाने घरोघर पोहोचली. ती इसापाच्या नावावर खपते. तथापि ती प्राचीन ग्रीक संग्रहांतील नसून मध्ययुगीन युरोपातील धर्मोपदेशकांच्या दृष्टांतांतून पुढे आली आहे. म्हणजे तीही मूलतः मुलांची नव्हे.

नीतिग्रंथांत हरवलेले निरीक्षण लोकभाषेने जतन केले. ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’, ‘मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो’, ‘मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत’ या म्हणी मांजर पाहिल्यावाचून तयार होणे शक्य नाही. शेवटच्या म्हणीतील निरीक्षण दक्षिणेकडील श्रीवैष्णव संप्रदायाने तत्त्वचर्चेत नेले. पिल्लू स्वतः आईला धरून राहते तो मर्कटन्याय. आई पिल्लाला तोंडात धरून नेते तो मार्जारन्याय. ईश्वराच्या कृपेसाठी जीवाचा प्रयत्न कितपत आवश्यक आहे, या वादात वडगलै व तेंगलै या पंथांनी अनुक्रमे हे दोन दृष्टांत स्वीकारले. ढोंगी तपस्वी मानलेला प्राणी येथे ईश्वराच्या वात्सल्याचे प्रमाण ठरला, कारण दृष्टांतकाराने त्याच्याकडे नीट पाहिले होते.

युरोप, अमेरिका व जपान येथील आधुनिक वाङ्मयात ही दुसरी दृष्टी हळूहळू प्रभावी झाली. पेरोच्या १६९७ च्या संग्रहातील बूट घालणारे मांजर अजून चतुर सेवकच आहे. किपलिंगच्या १९०२ मधील कथेत मात्र मांजर चुलीजवळची जागा आणि दूध यांचा करार करते, पण स्वतंत्र राहते. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०५-०६ मधील जपानी कादंबरीत एक बिननावी मांजर आपल्या शिक्षक-धन्याचे घर न्याहाळते. न्यायासनावरचे मांजर येथे साक्षीदार होते. वांडा गाग यांचे १९२८ चे चित्रमय पुस्तक, एलियटच्या १९३९ मधील मार्जारकविता आणि डॉ. स्यूस यांचे १९५७ चे प्रसिद्ध पुस्तक ही मुलांची म्हणून आली, पण प्रौढांनीही आपलीशी केली. यांपैकी स्यूस यांचे पुस्तक शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. शाळेतील प्रारंभिक वाचनपुस्तके नीरस असल्याची टीका अमेरिकेत होत होती, त्या वेळी त्यांनी केवळ २३६ भिन्न शब्दांत ते रचले. शब्द थोडे असले तरी गोष्ट निर्जीव असण्याचे कारण नाही, हे त्यातून सिद्ध झाले. डोरिस लेसिंग यांच्या १९६७ च्या पुस्तकात आफ्रिकेतील शेतावर वाढलेल्या मांजरांची संख्या आणि ती कमी करण्याचे क्रूर काम यांचे वर्णन प्रेमाने, तरीही डोळे न मिटता केले आहे.

आता हा प्रश्न आपल्या प्रदेशात आणून पाहू. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात पुलगावला लागून असलेले नाचणगाव घ्या. कापूस, तूर, ज्वारी यांच्या या मुलखात शेतकऱ्याच्या घरी मांजराचे स्थान दधिकर्णासारखेच आहे : धान्य आहे म्हणून उंदीर, उंदीर आहे म्हणून मांजर. अशा घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच पुष्कळ जाणते. मांजरी पिल्लांची जागा का बदलते, बोक्यापासून त्यांना का जपावे लागते, हे त्याने पाहिलेले असते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याची रीतही खेड्यांत अपरिचित नाही. पुस्तकात मात्र त्याला ढोंगी तपस्वी भेटतो, किंवा गळ्यात रिबीन बांधलेले शहरी दिवाणखान्यातले मांजर भेटते. त्याच्या घरातले मांजर या दोहोंत कोठेच नसेल, तर पुस्तक आणि आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा निष्कर्ष ते मूल काढील. वाचनाविषयीची उदासीनता येथेच सुरू होण्याचा संभव आहे.

भोवतालच्या जीवनातून शिक्षण द्यावे हा विचार याच जिल्ह्यात, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून देशापुढे आला, हे येथे स्मरणीय आहे. सूतकताईस जो न्याय लावला, तो वाचनपुस्तकासही लागू पडतो.

याचा अर्थ नीतिकथा टाकून द्यावी असा नव्हे. पलित आणि लोमश यांची कथा पदव्युत्तर वर्गात राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचली जावी. मुलांनाही ती सांगावी, पण मांजराचा स्वभाव म्हणून नव्हे, तर संकटातील व्यवहार म्हणून. तिच्या जोडीला निरीक्षणातून आलेली गोष्ट हवी. त्यासाठी संकलनाचे काम प्रथम झाले पाहिजे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी पूर्व बंगालमधील स्त्रिया मुलांना सांगत त्या गोष्टींवरून १९१० मध्ये ‘टुनटुनिर बोइ’ सिद्ध केले. वाघालाही चकविणारे त्यातील मांजर बंगाली मुलांच्या पिढ्यांना परिचित आहे. वाघाची मावशी आपल्याकडेही आहे. ती वऱ्हाडी बोलीत कशी सांगितली जाते, सांगणारी कोण, ऐकणारे कोण, झाडावर चढण्याची विद्या वाघाला न शिकविल्याबद्दल मांजराची बाजू घेतली जाते की वाघाची, बोका, मांजरी व पिल्लू यांना कोणते शब्द योजले जातात, याची नोंद विद्यार्थ्यांना एकेका गावी बसून घेता येईल. नाचणगावासारख्या गावापासून आरंभ करण्यास अडचण नाही. सांगणाऱ्या आजीबाई आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे. त्या संकलनातून पुढे एखादे पुस्तक निर्माण झाले, तर ते मुलांचे की प्रौढांचे हा वाद करण्याचे प्रयोजन उरणार नाही.